रोजच्या कामाची सायकल

सायकल घ्यायला दुकानात गेलेला माणूस आधी रंग पाहतो, मग नाव वाचतो आणि मग गिअर किती आहेत ते विचारतो. मडगार्ड आहेत का, साखळीवर झाकण आहे का, मागे ओझे बांधायला कॅरिअर आहे का, हे प्रश्न त्याला सुचतात ते आषाढात! तोवर पैसे देऊन झालेले असतात. आता, हा घरखर्चातला प्रश्न. इतिहासाच्या अध्यापकाने त्यात कशाला तोंड घालावे, असे कोणी म्हणेल. पण सायकलीचा एकेक भाग कोणाच्या तरी अडचणीतून जन्माला आलेला आहे. ती अडचण कोणती होती हे कळले, म्हणजे ती आपल्याला आहे की नाही हेही कळते आणि निवड पुष्कळ सोपी होते. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचे उदाहरण समोर ठेवून हा विचार आपण करून पाहू.

प्रथम मूळ कहाणी थोडक्यात. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन द्राइस याने दोन चाकांची एक गाडी केली. तिला पायडल नव्हते. बसणारा जमिनीला पाय मारत पुढे जाई. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल लागले. पण पायडलाचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. वेग हवा असेल तर चाक मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून १८७० नंतर पुढचे चाक छातीइतके उंच झाले आणि बसणारा जमिनीपासून इतका वर गेला, की वाटेत एखादा दगड आला तरी तो डोक्यावर आपटे. या संकटातून साखळीने सोडविले. हान्स रेनॉल्डने १८८० साली रुळांची साखळी सिद्ध केली आणि १८८५ साली जॉन केंप स्टार्ली याने दोन्ही चाके जवळजवळ सारखी व मागचे चाक साखळीने फिरणारे अशी 'रोव्हर' सायकल आणली. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर केले. झाले! आज आपल्या अंगणात उभी असते ती सायकल त्या आठ वर्षांत घडली.

आणि योगायोग पाहा, त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलीचे दुकान निघाले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. ते स्वतः सायकल चालवायला शिकले, आणि मुंबईहून सायकली बेळगावला धाडू लागले. तिथला व्यवहार त्यांचे बंधू पाहत. दुकानात सायकल विकत मिळे, ती चालवायला शिकवीत आणि मोडली तर दुरुस्तही करून देत. पुढे लोखंडी नांगर करणारा आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविणारा हा माणूस उद्योगात शिरला तो सायकलीच्या दुकानातून. त्याला एक गोष्ट पहिल्यापासून ठाऊक होती: जिची दुरुस्ती जवळपास होत नाही, अशी वस्तू लोकांच्या उपयोगी पडत नाही. आपल्या आजच्या विषयाचे अर्धे सार यातच आले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडे रॅले, हंबर, बी.एस.ए., हर्क्युलिस या विलायती सायकली रुळल्या. २८ इंची चाक, दीड इंची टायर, लोखंडी सळयांचे ब्रेक, स्प्रिंगची चामडी सीट, मागे कॅरिअर आणि चाक अधांतरी धरणारे भक्कम स्टँड असा त्यांचा थाट. पुढे हीच बनावट देशात होऊ लागली. मुंबईला वरळीत हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनीपतला ॲटलस आणि १९५६ साली लुधियान्यात हिरो. यांतले काही कारखाने टिकले, काही गेले. हिंद आणि सेन-रॅले १९८० साली सरकारने ताब्यात घेतले, तरी तेही पुढे बंद पडले. मात्र त्यांनी मागे एक मोठी सोय ठेवली. भारतीय मानक संस्था १९४७ साली निघाली होती. तिने सायकलीच्या भागांची मापे ठरवून दिली. लुधियान्याच्या लहान लहान कारखान्यांतून निघालेली साखळी, फ्रीव्हील, कॉटर, छर्रे कोणत्याही गावच्या सायकलीला बसू लागले. सायकल एकाची आणि सुटा भाग दुसऱ्याचा, तरी गाडी चालते. गरिबाचे वाहन गरिबाला परवडले ते यामुळे.

आता आपल्या मुलखात येऊ. कर्जत आणि खालापूर हे पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातले समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. घाटावर जाणारी वाट इथूनच. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. १८५६ साली आगगाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली घाटातला लोहमार्ग सुरू होऊन मुंबई-पुणे सलग जोडली गेली. १९१५ साली टाटांचे खोपोलीचे वीजघर सुरू झाले, १९२२ साली भिवपुरीचे. कारखाने आले, नोकऱ्या आल्या. पण गाडी थांबते ती नेरळ, भिवपुरी, कर्जत, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली अशा ठराविक ठिकाणी. आणि माणसे राहतात कडावला, काशेळ्याला, चौकच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर. घर ते स्टेशन हे जे दोन-पाच मैल उरतात, ते सायकलीचे राज्य. पोस्टमन, दूधवाला, शाळामास्तर, रेल्वेचा गँगमन यांची उपजीविका त्या दोन चाकांवर चालली.

या मुलखाची जमीन नीट पाहा. उल्हास नदीचे खोरे आणि पाताळगंगेचे खोरे ही दोन्ही बरीचशी सपाट आहेत, भातखाचरांची. लहानसहान चढ आहेत, नाही असे नाही. पण खरा चढ सुरू होतो तो खोपोलीच्या पुढे किंवा नेरळहून दस्तुरीकडे वळल्यावर. रेल्वेच्या घाटात सुमारे १५ मैलांत १,८०० फुटांहून अधिक उंची चढावी लागते आणि तीव्र जागी ३७ फुटांमागे एक फूट चढ पडतो. हा घाट रोज सायकलीने चढणारे किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पाऊस मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येतो! कर्जतला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेव्हा या भागातल्या सायकलीचा रोजचा शत्रू चिखल आणि पाणी हा आहे. चढ हा क्वचित भेटणारा पाहुणा.

पण ग्राहक तयारी करतो ती पाहुण्याची! याचेही कारण इतिहासात सापडते. १९४५ पासून मुंबई-पुणे सायकल शर्यत खालापूर तालुक्यातूनच बोरघाटात शिरत आली आहे. घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या पोरांनी ज्या सायकली डोळे भरून पाहिल्या, त्यांना मडगार्ड नव्हते, कॅरिअर नव्हते, घंटी नव्हती. शर्यतीच्या सायकलीवरून हे काढणे अगदी योग्य, कारण तिथे शेरभर वजनही जड. पण पाहणाऱ्याने समजूत करून घेतली की उघडी सायकल म्हणजे चांगली सायकल. कारखानदारांनीही तोच कित्ता गिरविला. शर्यतवाल्याची गरज एका दिवसाची. दूधवाल्याची तीनशे पासष्ट दिवसांची.

तर मग निवड कशी करावी? एकेक भाग घेऊ.

मडगार्ड पहिल्या मानाचा. तो पूर्ण लांबीचा हवा. मागचा कमरेपर्यंत चिखल उडू देत नाही आणि पुढचा साखळीवर पाणी येऊ देत नाही. टायर व मडगार्ड यांच्यात बोटभर जागा असावी, नाही तर चिकण माती तिथे ठासून बसते आणि चाक अडते. खाली रबराची झूल लावली तर सोन्याहून पिवळे. त्याच्या जोडीला साखळीचे झाकण. इंग्लंडात 'सनबीम' सायकलीची साखळी तेलाच्या बंद पेटीत फिरत असे. तेवढी चैन आपल्याला नको; पण साधे पत्र्याचे झाकणसुद्धा पायजमा, साडी, ओढणी यांचे रक्षण करते. मुलीसाठी सायकल घेताना तर हे आधी पाहावे. ओढणी एकदा साखळीत अडकली की ती मुलगी सायकलीला पुन्हा हात लावीलच असे सांगता येत नाही.

ब्रेकांची गोष्ट जपून ऐकण्यासारखी आहे. जुन्या सायकलीतले सळयांचे ब्रेक गंजून अडकत नाहीत, बिघडले तर गावचा मिस्त्री सांडशीने नीट करतो. १८९६ सालच्या बाउडनच्या शोधामुळे तारेचे ब्रेक आले. ते हलके, पण तारेच्या नळीत पाणी शिरले की तार आखडते. मृगाच्या आधी तारेला ग्रीस लावावे. खरी मेख मात्र रिंगेत आहे. चकचकीत मुलाम्याची लोखंडी रिंग ओली झाली, की रबर तिच्यावरून नुसते घसरते. ॲल्युमिनियमची रिंग ओलीतही पुष्कळ बरी धरते. थोडे पैसे जास्त पडतील, पण जास्तीचे पैसे कुठे घालायचे तर ते इथे. नव्या तबकडीच्या ब्रेकला ओल्या रिंगेची बाधा होत नाही हे खरे. मात्र त्याची पट्टी आपल्या बाजारात मिळते का, हे आधी विचारून घ्यावे.

टायरचेही तेच. माप असे घ्यावे, की ते मुंबईला न जाता कर्जतला, खोपोलीला किंवा काशेळ्याला मिळेल. जाड गाठींचे टायर डांबरी रस्त्यावर उगाच दम काढतात. मध्यम रुंदीचे आणि बारीक नक्षीचे रोजच्या रस्त्याला पुरतात. जुन्या व्हॉल्व्हमधली रबरी नळी पैशापासरी मिळते आणि हाताने बदलता येते. मोटारीसारखा व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. ज्याच्या वाटेवर जे आहे, ते त्याने घ्यावे.

आता गिअर. १९०२ साली स्टर्मी-आर्चर कंपनीने तीन वेगांचा गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद करून दिला. चिखलापासून सुरक्षित अशी ती युक्ती होती. पण आपल्याकडे ती महागच राहिली. उघड्या गिअरची साखळी आणि दातेरी चकत्या मात्र चिखलात लवकर झिजतात. सपाटीवर राहणाऱ्याने एक हिशेब करून पाहावा. साध्या सायकलीला पुढे ४४ दाते आणि मागे १८ असतील, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटर जाते. मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसविले तर सुमारे साडेचार मीटर जाते, आणि चढ तेवढाच हलका होतो. साखळीच्या दोनतीन कड्या वाढवाव्या लागतील, एवढेच. ज्याला खरोखर घाट चढायचा आहे, त्याने गिअर जरूर घ्यावे. इतरांचे या अल्पखर्ची उपायाने भागते.

राहिली किरकोळ मंडळी. कॅरिअर पोलादी आणि चिमट्यासकट घ्यावे. त्यावर दुधाची किटली येते, दप्तर येते, तांदळाची पिशवीही येते. डायनामो टायरवर घासून चालतो आणि चिखलात घसरतो, म्हणून पावसाळ्यात हल्लीचा बॅटरीचा दिवा बरा. मागचा तांबडा दिवा मात्र विसरू नये, कारण जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरची मोटार तुमच्या पाठीमागून येते. चामड्याची सीट अंगाला बसते, पण पाणी तिला सोसत नाही. प्लॅस्टिकची पिशवी बांधणे हा आपल्या लोकांनी काढलेला उपाय अगदी शास्त्रशुद्ध आहे.

हे सारे सांगण्याचा हेतू काय? २०११ च्या जनगणनेत देशातल्या १०० कुटुंबांपैकी जवळजवळ ४५ कुटुंबांकडे सायकल होती. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. बिहारने २००६ साली शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना काढली. सायकल मिळाल्याने शाळा जवळ येते, कामावर जाण्याचे भाडे वाचते. पण मिळालेली सायकल चालू राहिली पाहिजे. पहिल्या पावसात साखळी गंजली, ब्रेक धरेना, नवा भाग पन्नास मैलांवर, की ती पडवीत जाते आणि तिच्यावर कपडे वाळत पडतात. मुलगी मग पुन्हा पायी निघते किंवा शाळा सोडते. मजुराचे रोजचे पैसे पुन्हा रिक्षात जातात.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात जाल, तेव्हा गिअर मोजण्याआधी आपली वाट आठवा: ती किती मैलांची, तिच्यावर चिखल किती महिने, ओझे किती आणि दुरुस्तीचे दुकान कुठे. आपल्या गावच्या मिस्त्रीला सोबत नेता आले तर फारच उत्तम. त्याने पोथी वाचलेली नसेल, पण कोणता भाग कोणत्या महिन्यात मोडतो, हे त्याला पाठ असते. सायकलीचा इतका भरवशाचा इतिहासकार दुसरा मिळणार नाही.