कोऱ्या जागेचा इतिहास

संगणकाला द्यावयाच्या आज्ञा ज्या लेखांत लिहितात, त्याचे वाचक दोन: एक यंत्र आणि दुसरा मनुष्य. यंत्राला बहुधा चिन्हांचा क्रम पुरतो. मनुष्य मात्र कोणती ओळ किती आंत सरकली आहे हें पाहून कोणती आज्ञा कोणत्या अटीच्या पोटांत आहे तें ठरवितो. या दोघांची समजूत जुळवितांना फार खटपट पडली आहे.

आरंभीं निवडीला वावच नव्हता. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्याचे सहकारी यांनीं आय. बी. एम. कंपनीच्या ७०४ या यंत्रासाठीं फोर्ट्रान भाषा सिद्ध केली. तिचा मजकूर जाड कार्डांवर भोकें पाडून लिहीत. कार्डावर रकाने ८०. पहिल्या पांचांत आज्ञेचा क्रमांक. सहाव्यांत, मागील ओळच पुढें चालू असल्यास, तशी खूण. आणि प्रत्यक्ष आज्ञा सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत. बहात्तरच कां? तें यंत्र कार्डाचे तेवढेच रकाने वाचूं शके, इतकेंच त्याचें कारण! उरलेल्या आठांत कार्डांचे अनुक्रमांक घालीत; गठ्ठा हातून निसटून जमिनीवर विखुरला, म्हणजे ते अंकच कामास येत.

१९६० सालच्या आल्गोल भाषेनें हें बंधन झुगारलें. ‘बिगिन’ व ‘एन्ड’ या शब्दांनीं विभाग बांधला, कीं ओळी कशाही मांडा. पुढें सी भाषेंत या शब्दांच्या जागीं महिरपी कंस आले, आणि उघडता कंस त्याच ओळीवर ठेवावा कीं खालच्या, यावरून भलीं शहाणीं माणसें हमरीतुमरीवर आलीं. १९६६ सालीं पीटर लँडिन या ब्रिटिश विद्वानानें निराळीच सूचना केली होती: समासालाच अर्थ द्यावा. फुटबॉलमधील शब्द उसना घेऊन त्यानें या नियमास ‘ऑफसाइड’ म्हटलें. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेनें तीच वाट धरली. कित्येकांस ही सक्ती जाचक वाटते. परंतु सवलतीची किंमतही थोडी नाहीं.

फेब्रुवारी २०१४ मध्यें अ‍ॅपल कंपनीस आपल्या फोनसाठीं तांतडीची दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. गुप्त संभाषणाच्या आरंभीं समोरचा संगणक खरा कीं तोतया, हें स्वाक्षरीवरून पडताळणारा एक लेख सी भाषेंत होता. त्यांत ‘गोटू फेल’, म्हणजे ‘अपयशाच्या टप्प्यावर जा’, ही आज्ञा एकाखालीं एक अशी दोनदां उतरली होती. दोन्ही ओळी सारख्याच आंत सरकलेल्या. पाहणारास वाटे, दोन्ही वरच्या अटीच्याच ताब्यांत आहेत. पण कंस नसल्यानें यंत्राच्या लेखीं अट पहिलीपुरतीच होती. दुसरी आज्ञा प्रत्येक वेळीं अमलांत येई, पुढची पडताळणी टळे, आणि तोंवर चूक आढळली नसल्यामुळें ‘सर्व ठीक’ असाच निर्वाळा मिळे. वाटेंत दबा धरून बसलेल्या तोतयास एखाद्या पेढीचें सोंग घेण्यास दार मोकळें होतें. श्रोत्यांच्या ध्यानीं येईल कीं, येथें डोळ्यांना फसविलें तें नीटनेटक्या समासानेंच.

२०१६ सालापासून जी. सी. सी. हें आज्ञांचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारें साधन अशी विसंगति दिसतांच इशारा देऊं लागलें. गो भाषेबरोबर तर ‘गोफम्ट’ नांवाचें साधनच येतें. तें लेखकाची मर्जी न विचारतां सर्व ओळी एकाच घाटांत बसवितें. कंसाचा जुना तंटाही त्या भाषेनें परस्पर मिटविला आहे: अटीपुढील उघडता कंस खालच्या ओळीवर नेला, तर यंत्र तो लेख स्वीकारीतच नाहीं.