नमुन्याच्या कापडाची कुळकथा

सुईने भरलेले नमुन्याचे कापड मुळात भिंतीवर टांगण्यासाठी जन्मलेले नाही. छापील आकृत्या दुर्मीळ होत्या त्या काळी युरोपातील स्त्री, अन्यत्र पाहिलेला टाका, वेल वा पक्षी विस्मरणात जाऊ नये म्हणून लिननच्या पट्टीवर उतरवून घेई आणि ती पट्टी गुंडाळून पेटीत ठेवी. तिच्या कसबाचे ते दप्तरच होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील जेन बॉस्टॉक हिचे कापड, ज्यावर १५९८ हे साल भरलेले आहे, ते तारीख असलेल्या ज्ञात ब्रिटिश नमुन्यांत सर्वांत जुने होय. त्यात हरीण आहे, कुत्रा आहे, ॲलिस ली नामक बालिकेच्या जन्माची नोंद आहे. आणि पाठीवर गढी घेतलेला एक हत्तीही होता, तो पुढे कोणी उसवला व त्याच्या केवळ खुणा उरल्या. आकृत्यांची पुस्तके सर्वत्र झाली तेव्हा या कापडाचे प्रयोजन पालटले, आणि ते मुलींच्या शाळेतील हस्तकौशल्याचा दाखला बनले.

हे कापड आपल्याकडे आले, तेव्हा येथील हात कोरे नव्हते. चैत्रगौरीपुढे चैत्रांगण रेखाटणारी गृहिणी सूर्य, चंद्र, तुळशीवृंदावन, गाय-वासरू, नाग, कासव, मोर अशी सृष्टीच अंगणात मांडीत असे. ठिपके मोजून रांगोळी काढण्याची वहिवाट तर घरोघर होती. त्याहून जवळचे नाते धारवाडकडील कशिद्याचे, ज्याला तेथे कसुती म्हणतात. इरकली लुगड्याच्या पदरावर, कापडावर काहीही न रेखता, केवळ धागे मोजून रथ, पालखी, नंदी आणि अंबारीचा हत्ती उभा करणारी ती विद्या. तिच्यातील गावंती टाका दोन्ही बाजूंनी सारखाच उमटतो, आणि युरोपात होल्बाइन या चित्रकाराच्या नावाने ओळखला जाणारा टाका नेमका हाच आहे. कोणी कोणाकडून घेतला, हा वाद मला निष्फळ वाटतो. धागा मोजणाऱ्या हाताला ती युक्ती कोठेही सुचावी.

मुंबईत अमेरिकन मिशनने १८२४ साली मुलींची शाळा काढली, आणि मिशनच्या शाळांतून अक्षरांबरोबर सुईही शिकवली जाऊ लागली. पुढे पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ साली आणि रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखालील पुण्याचे सेवासदन १९०९ साली स्थापन झाले, तेव्हा निराधार स्त्रीच्या उपजीविकेचा विचार या कसबाला नवी प्रतिष्ठा देऊन गेला.

मुंबई-पुणे या दोन शहरांमधील, बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाल्यावर वर्दळीच्या झालेल्या वाटेवर, प्रबळगड आणि इरशाळगडाच्या सान्निध्यात चौक हे गाव वसले आहे. शाळेत शिकलेली मुलगी अशा गावी सून होऊन येई, तेव्हा तिच्या रुखवतात मॅटीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने भरलेले राघू, हरणे व विलायती गुलाब येत, आणि ते काचेच्या चौकटीत बसून माजघराच्या भिंतीवर चढत. गुलाबाशेजारी वृंदावन भरण्याचा निर्णय तिचा स्वतःचा असे, आणि मला त्या कापडात सर्वाधिक मोल त्याचेच वाटते. जुनी घरे उतरवली जात असता अशी चौकट हाती आली, तर ती उघडून कापडाची पाठ अवश्य पाहावी: उजेडापासून वाचलेले मूळ रंग तेथे सापडतात, आणि हिरवा दोरा कोणत्या पानावरून राघूच्या पंखाकडे ओढत नेला आहे, यावरून भरणारीच्या हाताचा क्रमही उलगडतो.