शिंपल्याच्या खिडक्यांचे गाव

माझे थोरले भाई तीस वर्षे बोटीवर होते. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरात एखादा तरी माणूस दर्यावर असतोच. भाईंचे बोटीवरचे सोबती बरेचसे फिलिपिनो. त्यांतल्या एकाने निरोप घेताना त्यांना शिंपल्याचा एक चौकोनी तुकडा दिला. तळहाताएवढा, पातळ, दुधी. उजेडासमोर धरला की प्रकाश गाळून देणारा. ‘आमच्या विगनला खिडक्यांना काचेऐवजी हेच असते,’ असे तो म्हणाला होता. गोव्यातल्या जुन्या घरांना असे शिंपले मी पाहिले होते. ते दूरचे गाव मला एकदम शेजारचे वाटले आणि मी त्याच्याविषयी वाचत गेलो.

विगन मनिलाच्या उत्तरेला सुमारे ४०० किलोमीटरवर, लुझोन बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगत आहे. १५७२ मध्ये हुआन दे साल्सेदो या स्पॅनिश सरदाराने तिथे ठाणे वसवले. गावाच्या नावाची गोष्ट गमतीची आहे. स्पॅनिश माणसाने विचारले, ‘हे कोणते गाव?’ भाषा न कळलेल्या गावकऱ्याला वाटले, नदीकाठच्या अळूसारख्या झाडाचे नाव विचारतोय. तो म्हणाला, ‘बिगा’. त्याचेच पुढे विगन झाले!

इथल्या घरांना ‘बाहाय ना बातो’ म्हणजे दगडी घर म्हणतात. पण दगडविटांचा असतो तो फक्त खालचा मजला, वरचा लाकडी. खाली घोडागाडी आणि व्यापाराचा माल, वर कुटुंब. वरच्या सरकत्या खिडक्यांना शिंपले बसवलेले, आणि त्यांच्या खाली, जमिनीलगत, वाऱ्यासाठी आणखी छोट्या खिडक्या. ही घरे बांधणारे बहुतेक व्यापारी चिनी आणि स्थानिक अशा मिश्र वंशाचे होते.

या घरांनी पुष्कळ पाहिले आहे. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतली. ते आरमार आपल्या मद्रासहून निघाले होते आणि त्यात हिंदी शिपाईही होते. ती संधी साधून दिएगो सिलांगने विगनमध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड केले. १७६३ मध्ये त्याच्या ओळखीच्याच माणसाने त्याला गोळी घातली. मग त्याची पत्नी गाब्रिएला लढली. त्याच वर्षी तिला फाशी देण्यात आले.

मला मात्र ओढ वाटते ती लेओना फ्लोरेंतिनोची. जन्म १८४९चा, याच गावातला. ती इलोकानो आणि स्पॅनिश भाषांत कविता लिही. कवितेपायी तिला नवऱ्यापासून आणि मुलांपासून वेगळे राहावे लागले, असे सांगतात. १८८४ मध्ये, पस्तिशीतच ती गेली. पुढे १८८९ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात तिच्या कविता मांडल्या गेल्या. आज गावात तिचा पुतळा आहे. जिवंतपणी एकटी पडलेल्या कवीला गाव असे परत घेते!

सर्वांत लाडकी कथा १९४५ची. जपानी सैन्य माघार घेत होते. सांगतात, की विगन जाळायचे ठरले होते. पण ताकाहाशी नावाच्या अधिकाऱ्याची बायको इथलीच होती. रात्री तो पाद्रीबाबांकडे गेला आणि म्हणाला, ‘माझी माणसे सांभाळा.’ पाद्री म्हणाले, ‘गाव जाळलेस तर त्यांना लोकांच्या रागापासून कोण वाचवील?’ सकाळी सैन्य निघून गेले होते. आग लागलीच नाही. त्याच सुमारास मनिलाचा तटबंदीतला जुना भाग बेचिराख झाला. विगन उभे राहिले. १९९९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले.

एका माणसाच्या प्रेमाने गाव वाचले, हे ऐकायला मलाही आवडते. पण एका रात्री वाचलेले घर पुढच्या पावसाळ्यात कोण वाचवतो? जुलै २०२२च्या भूकंपात विगनची अनेक जुनी घरे तडकली, तेव्हा त्यांना आधार द्यायला कोणी ताकाहाशी येणार नव्हता. त्यासाठी गवंडी लागतात, सुतार लागतात आणि घरात राहायला तयार असलेली माणसे लागतात.

भाई आता नाहीत. गावचे आमचे घर आठ वर्षे कुलूपबंद होते. भाऊबंद मुंबईत आणि आखातात. या उन्हाळ्यात मी कुलूप काढले, कौले चाळून घेतली आणि माजघराच्या झरोक्यात भाईंचा शिंपला बसवला. सकाळी तिथून दुधी उजेड येतो. तो पाहायला महिन्यातून एकदा तरी मला आता जावे लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)