बटाट्याचा कोंब आणि कमलाबाई

झरीहून बोलतोय. आमच्या टोपलीत राहिलेल्या बटाट्यांना कोंब फुटलेत. ना माती, ना पाणी! म्हणजे आत नवं प्रोटीन बनतंय आणि त्यासाठी ऊर्जाही तयार होतेय. या ऊर्जेचा एक धागा एका मराठी बाईनं पकडला होता, तोही बटाट्यातच.

कमला भागवत, लग्नानंतर सोहोनी. लेखिका दुर्गा भागवतांची बहीण. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. कारण काय, तर मुलगी आहे. कमलाबाई थेट त्यांना जाऊन भिडल्या. मग वर्षभर काम बघू, या अटीवर प्रवेश मिळाला. नोबेल मिळवलेला एवढा मोठा माणूस असं वागला, हे मला अजून पचत नाही. बरं, वर्षभरात त्यांचं मत बदललं आणि तिथं मुलींना दार उघडलं.

पुढं केंब्रिज. तिथं बटाट्यावर काम करताना त्यांना सायटोक्रोम सी सापडलं, आणि वनस्पतीच्या पेशीतही श्वसनात त्याचं काम असतं हे त्यांनी दाखवलं. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध किती पानांचा? फक्त ४०!

आता हे सायटोक्रोम सी करतं काय? हमाली. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका यंत्राकडून दुसऱ्याकडे न्यायचे, एका खेपेला एकच. त्या देवघेवीतल्या ऊर्जेवर पडद्यापलीकडे प्रोटॉन साठतात, धरणात पाणी साठावं तसे. ते परत येताना एटीपी सिंथेज नावाचं चाक फिरवतात आणि एटीपी बनतं, म्हणजे पेशीची रोकड. ही रोकड खर्चूनच रायबोसोम एकेक अमिनो आम्ल जोडत प्रोटीन विणतो. गंमत बघा, आपला हमाल स्वतःही प्रोटीनच. माणसातला तर १०४ अमिनो आम्लांचा. म्हणजे त्यालाही रायबोसोमनंच विणलेलं!

१९३९ मध्ये या चाकाची कुणाला कल्पनाही नव्हती. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना पाहिलं. कमलाबाई गेल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९८ मध्ये.