आत्रेयीची अडचण

आमगांवानजीकचें पद्मपूर हें आठव्या शतकांतील नाटककार भवभूतीचें जन्मस्थान होय, असें अनेक विद्वान् मानतात. त्याच्या 'उत्तररामचरिता'च्या दुसऱ्या अंकांत आत्रेयी ही विद्यार्थिनी वाल्मीकींचा आश्रम सोडून अगस्त्यांकडे निघालेली दिसते. तिच्या अडचणींपैकीं एक अशी, कीं लव आणि कुश यांची बुद्धि फार तीव्र. त्यांच्या बरोबरीनें अध्ययन करणें तिला जमेना. गुरु विद्या सर्वांना सारखीच देतो, फळ मात्र ज्याच्या त्याच्या पात्रतेप्रमाणें मिळतें, असें ती म्हणते.

अर्वाचीन मानसशास्त्रानें हाच प्रश्न पुन्हां हातीं घेतला. पॅरिस येथें १९०५ सालीं आल्फ्रेड बिने यानें सायमनच्या साह्यानें बुद्धिमापनाची कसोटी रचली, ती मागें पडणारीं मुलें ओळखून त्यांना निराळें साह्य देतां यावें म्हणून. बुद्धि वाढवितां येते, असें त्याचें मत होतें. १९३० नंतर रशियांतील व्हिगोट्स्कीनें प्रतिपादिलें, कीं मुलाला आज जें एकट्यास साधत नाहीं, तें जाणत्याच्या मदतीनें साधतें. शिकविण्याची खरी जागा तीच.

महाराष्ट्रांत माँटेसरीच्या विचारांनीं प्रेरित झालेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें. गरिबांचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली.

सर्वांना एकच धडा एकाच गतीनें देण्यापूर्वीं प्रत्येक मूल कोठवर आलें आहे, हें शिक्षकानें पाहावें. आत्रेयीला आश्रम सोडावा लागला. तिच्यासारखीला वर्ग सोडावा लागूं नये.