घाटाखालचे पिस्तूल

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघरी चिरंजीवांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल असते. टिकलीवर घोडा आपटतो, 'फट्' असा आवाज होतो, आणि आजोबा दचकल्याचे सोंग करतात. या खेळण्यात शस्त्रविद्येच्या इतिहासातील एक मोठी क्रांती दडलेली आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. ठिणगीवाचून, नुसत्या आघाताने दारू पेटविण्याची युक्ती माणसाला सापडली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. एवढे एक सूत्र ज्याने मनाशी पक्के बांधले, तो जुनी पिस्तुले विकत घेताना निम्म्या फसवणुकींतून सुटला.

हा विषय कर्जत-खालापूरच्या निमित्ताने मांडण्यास कारण आहे. या दोन तालुक्यांत अलीकडे शेतघरे पुष्कळ उठली. घर झाले की भिंत येते, आणि भिंत आली की तिच्यावर ढाल, तलवार आणि एखादे पिस्तूल असावे, अशी हौस वाटू लागते. हौस वाईट नाही. परंतु येथे हत्यारापेक्षा हत्याराची गोष्ट अधिक विकली जाते. 'साहेब, हे उंबरखिंडीतले', 'हे इष्टुर फाकड्याच्या पलटणीतले', 'हे बेचाळीसच्या चळवळीतले' अशा तीन गोष्टी बहुधा ऐकावयास मिळतात. या मुलखात असे म्हणण्यास जागाही आहे, आणि म्हणूनच नवशिक्या फसतो. तेव्हा एकेक गोष्ट इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहू.

उंबरखीण्ड खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ आहे. शाएस्तेखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान कुरवंड्याच्या घाटाने उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी त्या अरुंद खिंडीत शिवाजीमहाराजांच्या हाती सापडला. पुढे ना वाट, मागे ना वाट. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि चीजवस्तू टाकून मोकळा झाला. या लढाईत बंदुका होत्या; पण त्या काळी आपल्याकडील सर्रास बंदूक तोड्याची. सुतळीचा जळता तोडा चापाबरोबर खाली येऊन कानातील रंजक पेटवी. हा तोडा सतत धुमसत ठेवावा लागे, त्यामुळे कमरेला वा खोगिराला अडकवावयाच्या पिस्तुलाला तो सोयीचा नव्हता. युरोपियनांपाशी चाकाची आणि चकमकीची पिस्तुले होती, परंतु ती अपवादात्मक. तेव्हा आघाताने उडणारे पिस्तूल दाखवून कोणी उंबरखिंडीचे नाव घेतले, तर नमस्कार करून उठावे.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी पनवेल-खोपोलीच्या वाटेने बोरघाट चढली. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून कायमचे आपले करून टाकले. तळेगावाहून माघार घेताना इंग्रजांनी जड तोफा तळ्यात लोटल्या, सामान जाळले, आणि वडगावास तह करून परतीची वाट धरली. दोनच वर्षांनी, १७८१ च्या फेब्रुवारीत, जनरल गॉडर्डने बोरघाट घेतला. एप्रिलमध्ये त्यालाही पनवेलीकडे परतावे लागले, आणि वाटेत मराठ्यांनी त्याच्या फौजेची दाणादाण उडविली. म्हणजे कंपनी सरकारची हत्यारे घाटमाथ्यापासून खोपोलीच्या तळापर्यंत खरोखरच सांडली असतील. पुढे १८३० साली घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला, १८६३ मध्ये आगगाडी घाट चढू लागली, आणि पलटणींची ये-जा नित्याची झाली. या वाटेवर एखाद्या घरी कंपनीचे पिस्तूल निघाले तर नवल नाही. प्रश्न एवढाच की समोरचे पिस्तूल त्या काळचे आहे काय?

याचे उत्तर प्रथम चापाच्या यंत्रात शोधावे. चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा असतो. तो पोलादी पत्र्यावर आपटतो आणि ठिणग्या रंजकाच्या पेल्यात पडतात. अठराव्या शतकातील लष्करी पिस्तूल असेच असावयास हवे. अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याला शिकारीचा नाद होता. ठिणगी दिसताच पाखरे उडून जातात म्हणून त्याने आघाताने पेटणाऱ्या दारूची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट घेतले. पुढे तांब्याची छोटी टोपी, म्हणजेच केप, आली, आणि १८४० च्या सुमारास ब्रिटिश लष्कराने ती स्वीकारली. आपल्या टिकलीची ही थोरली बहीण. तेव्हा केपेचे पिस्तूल १७७९ चे असणे शक्य नाही. मात्र एक बारकावा ध्यानात ठेवावा. पुष्कळ जुनी चकमकीची हत्यारे पुढे केपेची करून घेण्यात आली. तशा हत्याराच्या चापपट्टीवर पूर्वीच्या स्क्रूची बुजविलेली भोके दिसतात. उलट, किंमत वाढावी म्हणून केपेचे हत्यार पुन्हा चकमकीचे करणारेही कलावंत आहेत. भोके आणि जोड भिंगाखाली पाहावेत.

यानंतर छाप वाचावेत. कंपनीच्या जुन्या हत्यारांवर चार भागांत विभागलेल्या बदामात कंपनीची अक्षरे असत. १८०८ च्या सुमारापासून त्या जागी पुढच्या पंजांत मुकुट धरलेला, मागल्या पायांवर उभा सिंह आला. बर्मिंगहॅमचे तोफ-बंदुका तपासण्याचे सरकारी मान्यतेचे घर १८१३ साली स्थापन झाले, तेव्हा त्याची मोहर असलेली नळी त्याआधीची नव्हे. व्हिक्टोरिया राणीची मुकुटाखालील दोन अक्षरे १८३७ पूर्वी संभवत नाहीत. चापपट्टीवर एक साल, नळीवर दुसऱ्याच काळाची मोहर असेल, तर दोन हत्यारांचे एक झाले आहे असे समजावे. सरहद्दीपलीकडे खैबरच्या परिसरातील कारागीर इंग्रजी हत्यारांच्या हुबेहूब नकला करीत. परंतु ज्यांना ती लिपी वाचता येत नसे ते एखादे अक्षर उलटे कोरीत. छाप जितका ठळक आणि ताजा, तितका संशय अधिक. कारण खरा छाप धातूबरोबरच झिजतो.

मग लाकूड आणि लोखंड. हाताळल्याची झीज जेथे हात पडतो तेथेच असते: मुठीच्या मागे, चापाजवळ, गज काढण्याच्या जागी. सगळीकडे सारखाच काळपटपणा दिसला तर तो वर्षांनी आणलेला नसून आम्लाने आणलेला असतो. लाकूड लोखंडाला चिकटून बसले आहे की मध्ये मेण भरले आहे, हे पाहावे. स्क्रूच्या डोक्यावर अधिकचिन्हासारखी खाच दिसली, तर तो स्क्रू १९३० नंतरचा. आणि ठासणीचे म्हणून ते जुने, हा समज तर मनातून काढूनच टाकावा. रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी ठासणीच्या बंदुका कोकणात विसाव्या शतकातही परवान्याने बाळगल्या जात होत्या. शोभेची पितळी पिस्तुले तर आजही नव्याने तयार होतात. त्यांची नळी आतून पाहिली की ती कधीच झाडण्यासाठी केलेली नव्हती, हे कळते.

येथे एक सूचना सर्वांत महत्त्वाची. जुने पिस्तूल भरलेले नाही असे कधीही गृहीत धरू नये. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेते. चाप ओढून पाहू नये, मुलांच्या हाती देऊ नये. तोंड कोणाकडेही न करता, अंग बाजूला ठेवून, बारीक लाकडी काठी नळीत हलकेच सोडावी आणि तोंडाशी खूण करावी. तीच काठी नळीच्या बाहेरून धरावी. ती रंजकाच्या भोकापर्यंत पोचत नसेल, तर आत काहीतरी बसलेले आहे. मग ते ठोकून काढण्याचा उद्योग न करता पोलिसांना कळवावे.

आता कायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने जुन्या घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोलाच्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट दिली आहे. पण अट अशी की ते हत्यार दुरुस्त करूनही झाडता येता कामा नये. २०२० साली नियमांत दुरुस्ती होऊन 'क्युरिओ' वर्गात बसणारी छोटी हत्यारे नुसती घरी बाळगण्यास मोकळीक मिळाली. ती वापरावयास किंवा इकडून तिकडे न्यावयास परवाना लागतोच. म्हणजे मुंबईत घेतलेले पिस्तूल पिशवीत घालून कर्जत लोकलने आणणे, हीही विचारून करावयाची गोष्ट आहे. आपले पिस्तूल कोणत्या वर्गात बसते हे विक्रेत्याने सांगावयाचे नसते. अलिबागेस जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधी विचारावे. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तू ठरते, आणि ती परदेशातील भाच्याला भेट म्हणून धाडता येत नाही. शेत नांगरताना हत्यार सापडले, तर जमिनीतील ठेव्याचा १८७८ चा कायदा आहे. ते कलेक्टरांना कळवावे.

राहिली तिसरी गोष्ट, बेचाळीसची. माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने याच डोंगरांत विजेचे मनोरे पाडले; २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्या नावाने कोणी रिव्हॉल्व्हर पुढे केले, तर दोनदा सावध व्हावे. काडतुसाचे, झाडता येण्याजोगे हत्यार परवान्यावाचून घेणे हा सरळ गुन्हा आहे; आणि ज्यांनी प्राण दिले त्यांचे नाव किंमत वाढविण्यासाठी वापरणे, हे कायद्यात न बसणारे परंतु त्याहून हीन कृत्य आहे. ज्या घरात अशी खरी आठवण असेल, ते घर ती रस्त्यावर विकावयास काढणार नाही.

नवशिक्याने म्हणून पहिले वर्ष काहीच विकत घेऊ नये. कर्जत स्थानक मोठे सोयीचे आहे: एका बाजूची गाडी मुंबईस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे नेते, दुसऱ्या बाजूची पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे. खरी हत्यारे तेथे मन भरून पाहावीत. डोळा तयार झाला की हात आपोआप सावध होतो. पुढे घ्यावयाचे ठरलेच, तर पैसे लोखंडाचे द्यावेत, गोष्टीचे देऊ नयेत. गोष्टीला कागद मागावा: जुना परवाना, वाटणीपत्र, छायाचित्र. पावतीवर वस्तूचे वर्णन आणि छाप लिहून घ्यावेत.

आणि ज्यांच्या माळ्यावर दिवाळीच्या झाडलोटीत असे काही निघेल, त्यांनी ते चिंच आणि राख लावून लखलखीत करू नये. दोनशे वर्षांचा काळा थर आणि पुसट अक्षरे हीच त्याची जन्मपत्रिका असते; एका दुपारच्या उत्साहात ती घासून जाते, मग ते पिस्तूल कुणाचेही होऊ शकते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारून, ते कोणत्या गावाहून, कोणाच्या काळात, कसे घरी आले, हे वहीत लिहून ठेवावे. जे माहीत नाही ते माहीत नाही असेच लिहावे. बोरघाटाखालच्या इतिहासाला आज नव्या दंतकथांची मुळीच वाण नाही. अशा प्रामाणिक चार ओळींची मात्र फार आहे.