पाणी सगळ्या डोक्यावर पडतं

गडहिंग्लज-आजऱ्याकडून शिकायला कोल्हापुरात आलेला मुलगा सांगतो, इथल्या पाण्यानं केस गेले. कोल्हापूरचा मुलगा पुण्याच्या हॉस्टेलवरून आईला हेच पुण्याच्या पाण्याबद्दल सांगतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. केस खरोखर त्याच सुमारास विरळ होऊ लागलेले असतात. म्हणून तर हा समज इतका चिवट आहे. पण गाव सोडण्याचं वय आणि टक्कल सुरू होण्याचं वय एकच, अठरा ते पंचविशीचं, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. पाण्याच्या जोडीला मग तांबड्या रश्श्याची उष्णता येते, हेल्मेट येतं, तेल न लावण्याचा दोष येतो. या मताचं खंडन करणं मला गरजेचं वाटतं, कारण ते निरुपद्रवी नाही. ज्या वर्षांत उपाय लागू पडतो, नेमकी तीच वर्षं ते खाऊन टाकतं.

पहिली साक्ष डोक्याचीच. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरतात, टाळू उघडी पडते, आणि कानांवरची व मानेवरची झालर म्हातारपणापर्यंत टिकते. पाणी तर सगळ्या डोक्यावर पडतं. हेल्मेट कानामागेही घासतं. तोच रस्सा खाणारी, त्याच नळाच्या पाण्यानं न्हाणारी बहीण घरात असते. तिच्या कपाळाचे कोपरे असे मागे जात नाहीत. बाहेरून आलेलं कारण जागा निवडून केस नेत नाही.

जागा निवडते ती केसांच्या मुळांची जन्मजात संवेदनशीलता. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, थोडक्यात डीएचटी, तयार होतं. कपाळ-टाळूवरची मुळं त्याला संवेदनशील असली, तर दर फेरीला केसाच्या वाढीचा काळ आखडतो, मूळ लहान होतं, आणि जाड केसाच्या जागी शेवटी नुसती लव उरते. हा तर्क नाही, पाहिलेली गोष्ट आहे. अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं, की वयात येण्याआधीच वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही. मात्र टेस्टोस्टेरॉन दिलं, की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जाऊ लागतात. पुढे १९७४ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांची नोंद प्रसिद्ध झाली. तिथल्या पुरुषांत डीएचटी बनवणारं विकर जन्मतःच अपुरं होतं, आणि त्यांच्यात टक्कल आढळत नव्हतं. फिनास्टेराइड हे औषध याच धाग्यावरून पुढे आलं.

यावर कुणी बुलढाण्याचं उदाहरण देईल, आणि ते द्यायलाच हवं. डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गेले. तिथेही पहिला संशय पाण्यावर गेला; नंतर डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण तिथे बायका आणि मुलंही होती, आणि केस गेले ते झपाट्यानं. बाहेरचं कारण असं वागतं. टायफॉइड-डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळतीही वेगळीच. ती बहुधा भरून येते. वर्षानुवर्षं कोपऱ्यांतून सरकणारं टक्कल या जातीचं नाही.

‘मामाला टक्कल म्हणून भाच्याला’ हे मात्र अर्धं खरं. यातलं एक मोठं जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणजे आईकडून येतं. बाकीची अनेक जनुकं इतर गुणसूत्रांवर आहेत, वडिलांकडेही बघावं. तेलाबद्दलही न्यायानं बोलायला हवं. खोबरेल केसाच्या दांड्यातली प्रथिनांची झीज कमी करतं, पण दांडा मृत असतो आणि दुखणं मुळाशी आहे. तालमी-जिममधल्या पोरांना तर कळकळीनं सांगावंसं वाटतं: शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं ज्याच्या वंशात टक्कल आहे त्याचे केस लवकर नेतात.

आता उपायाचं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. डोक्याला लावण्यासाठी अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते आणि तिथेच अनेक जण बाटली टाकून देतात. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात. फिनास्टेराइडच्या एक मिलिग्रॅम गोळीला तिथे १९९७ मध्ये मान्यता मिळाली. ती रक्तातलं डीएचटी सुमारे दोन-तृतीयांशानं उतरवते. थोड्या पुरुषांत कामेच्छा मंदावणं, मन खिन्न होणं असे त्रास नोंदले गेले आहेत. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडाही तिच्यामुळे जवळपास निम्मा दिसतो. म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच घ्यावी, मित्राच्या पाकिटातून नव्हे.

‘बंद केलं की पुन्हा गळतात, मग उपयोग काय?’ हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. रक्तदाबाची गोळीही बंद केली की दाब वाढतो; तिला कुणी निरुपयोगी म्हणत नाही. औषध मूळ जिवंत असेपर्यंतच त्याला सावरतं, म्हणून कांद्याचा रस चोळण्यात आणि पाण्याचा फिल्टर बदलण्यात गेलेली पाच वर्षं परत मिळत नाहीत. राहिलं प्रत्यारोपण. झालरीतली मुळं टाळूवर लावली तरी मूळ जागेचा टिकाऊ गुण सोडत नाहीत, हे नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५० च्या दशकात दाखवलं. ही शस्त्रक्रिया आहे, आणि ती पात्र डॉक्टरच्याच हातची हवी. बावीस-तेविसाव्या वर्षी घाईनं केली, तर लावलेले केस राहतात आणि त्यांच्या मागचे, आपले मूळचे, जातच राहतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही औषध बहुधा सुरूच ठेवावं लागतं.